वरच्या वर्गात कोण जातं?

पेणला मे महिन्यात गणपतीच्या कारखान्यात पाऊल ठेवायला जागा नसते. फळ्यांवर ओळीनं पांढऱ्या मूर्ती, कोपऱ्यात रंगाचे डबे आणि दाराशी कुणीतरी यंदाची मागणी लिहून घेत असलेलं. तिथे माझा एक जुना विद्यार्थी आखणीचं काम करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. साऱ्या कामात हे काम नाजूक. हात जरासा चळला तर मूर्ती आपल्याकडे बघते आहे असं वाटतच नाही. २०२५च्या मे महिन्यात मी गेलो तेव्हा त्यानं ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले आणि खिशातून घडी केलेलं प्रगतिपत्रक काढलं.

"सर, थोरली पाचवीला आहे. गणितात राहिली. जूनमध्ये परत परीक्षा आहे म्हणतात आणि त्यातही राहिली तर पाचवीतच बसवणार. पण आठवीपर्यंत नापास करत नाहीत ना? तसा कायदाच आहे ना?"

कायदा होता, आणि आहेही. पण त्यात बदल झाला आहे, आणि तो बदल पुष्कळ घरांपर्यंत प्रगतिपत्रक हातात पडल्यावरच पोचतो. पेण असो, रोहा असो, की आणखी कुठलाही तालुका, आपलं मूल वरच्या वर्गात जाणार की नाही हे नेमकं कोण ठरवतं, कशावरून ठरवतं आणि आई-बापाला त्यात काही बोलता येतं का, हे आज जरा उलगडून पाहू.

पहिल्यांदा थोडं मागं जाऊ. आपल्या आजोबांच्या पिढीत सातवीला 'फायनल' म्हणत. 'व्हर्नाक्युलर फायनल' हे तिचं इंग्रजी अमदानीतलं नाव. ती परीक्षा पास झालेला माणूस गावात शिकलेला गणला जाई, त्याला शाळामास्तराची नोकरी मिळू शके. त्या काळी प्रत्येक इयत्तेला चाळणी होती. वार्षिक परीक्षेत राहिला तो त्याच वर्गात. दोन-दोन वर्षं एकाच बाकावर काढलेली मुलं सगळ्या शाळांत असत. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाला सगळे 'दादा' म्हणत, आणि एक दिवस तो दादा शाळेत यायचा बंद होई.

ही गोष्ट सरकारच्याही ध्यानात आली होती. १९२९ साली हार्टोग समितीनं आपल्या अहवालात दोन दुखणी नेमकी नावं देऊन सांगितली. एक गळती, म्हणजे शिक्षण पुरं व्हायच्या आधीच मूल शाळा सोडतं ते. दुसरं स्थगन, म्हणजे मूल एकाच वर्गात वर्षापेक्षा जास्त अडकून पडतं ते. दोन्ही वेगळी दिसली तरी एकमेकांत गुंतलेली आहेत. अडकलेलं मूलच पुढे गळतं. वय वाढतं, बरोबरची मुलं पुढे जातात, धाकटं भावंडं त्याच वर्गात येऊन बसतं आणि लाज शाळेच्या दारातच आडवी येते. मुलगी असेल तर घरातले म्हणतात, "पुरे झालं आता." मुलगा असेल तर त्याला कामावर घेऊन जातात.

म्हणून १९८६च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं प्राथमिक टप्प्यावर मुलांना नापास करू नये हाच विचार कायम ठेवला. पुढे २००९ साली संसदेनं बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. आपण त्याला 'आरटीई' म्हणतो. त्याच्या सोळाव्या कलमात साध्या शब्दांत लिहिलं होतं की, प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला कोणत्याही वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचंही नाही.

इथे एक गैरसमज झाला. लोकांनी 'नापास करायचं नाही' याचा अर्थ 'परीक्षा नाही' असा घेतला. कायद्याचं म्हणणं तसं नव्हतं. त्याच कायद्यात मुलाच्या समजुतीचं सर्वंकष आणि सातत्यानं मूल्यमापन करायला सांगितलं होतं. महाराष्ट्रानं २० ऑगस्ट २०१० च्या शासननिर्णयानं ती पद्धत आणली. प्रगतिपत्रकावर 'आकारिक' आणि 'संकलित' असे दोन शब्द आपण वाचतो, ते तिथून आले.

आकारिक म्हणजे शिकता शिकता होणारी पारख. बाई रोज मुलाकडे बघतात, त्याला तोंडी विचारतात, प्रयोग करायला लावतात, प्रकल्प देतात, छोटी चाचणी घेतात, स्वाध्याय तपासतात. या सगळ्याचे गुण त्यात धरायचे. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी होणारी परीक्षा. मूल लहान तेवढा आकारिकचा भार जास्त. पहिली-दुसरीला शंभरातले ७० आकारिकला आणि ३० संकलितला. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मे-निम्मे. सातवी-आठवीला ४० आणि ६०. त्यावर श्रेणी द्यायची. ९१ आणि त्यापुढे 'अ-१', तिथून खाली उतरत ३३ ते ४० ला 'ड', आणि त्याच्याही खाली 'इ-१', 'इ-२'. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, 'इ' श्रेणीत असलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन करून किमान 'ड'पर्यंत आणायची जबाबदारी शाळेची होती.

कागदावर ही पद्धत चांगली होती. तापाचं औषध देताना रोज ताप बघावा, महिन्याच्या अखेरीस एकदाच बघू नये, इतकी ती साधी गोष्ट. पण रोज ताप बघायला माणूस लागतो. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग, वरून माहितीचे तक्ते, निवडणुकीची कामं. मग मुलांच्या वर्णनात्मक नोंदी एकाच साच्यातून उतरू लागल्या. 'अभ्यासात रस घेतो', 'प्रयत्न केल्यास प्रगती करेल' अशी वाक्यं पुस्तिकेतून वहीत आणि वहीतून प्रगतिपत्रकात गेली. कायद्याचा एक अर्धा भाग, नापास न करण्याचा, सगळीकडे पाळला गेला. दुसरा अर्धा, मागे पडलेल्याला हात द्यायचा, तो मात्र ठिकठिकाणी राहून गेला. मग लोक म्हणू लागले, "ढकलत ढकलत वर घातलाय."

आणि ते अगदी खोटंही नव्हतं. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारानं २००५ पासून 'असर' नावाची पाहणी खेड्यापाड्यांतून होते आहे. मुलाच्या घरी जायचं, दुसरीच्या पातळीचा एक उतारा वाचायला द्यायचा, एक भागाकार करायला सांगायचा. देशाच्या ग्रामीण भागातली पाचवीतली साधारण निम्मी मुलं दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत, असं चित्र त्यातून वर्षानुवर्षं समोर येत गेलं. मूल वर्गानं पाचवीत आणि वाचनानं दुसरीत. नापास करण्याचं दुखणं उघड्यावर असतं. वर ढकलण्याचं आत मुरतं.

म्हणून धोरण फिरलं. केंद्रीय पातळीवर समित्या बसल्या, राज्यांची मतं घेतली गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये संसदेनं सोळावं कलम बदललं. नवा मजकूर असा सांगतो की, पाचवी आणि आठवीच्या वर्षाअखेर नियमित परीक्षा घ्यावी. मूल त्यात कमी पडलं तर त्याला जादा शिकवावं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेला बसू द्यावं. त्यातही राहिलं तर त्याला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे सरकारनं ठरवावं. काढून मात्र कोणालाही टाकायचं नाही. तो भाग जसाच्या तसा आहे. त्यामुळे राज्याराज्यांत फरक पडला. तमिळनाडूनं नापास न करण्याचं धोरण चालू ठेवलं. केंद्र सरकारनं आपल्या अखत्यारीतल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलले. महाराष्ट्रानं २०२३ मध्येच आपले नियम सुधारले आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात परीक्षेची कार्यपद्धती ठरवून दिली. त्यानुसार पहिली परीक्षा झाली ती २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस.

आता आजची रीत बघू. पहिली ते चौथी, तसंच सहावी आणि सातवी, या वर्गांना जुनाच नियम. श्रेणी काहीही असो, मूल वर जातं. पाचवी आणि आठवी ही दोन फाटकं आहेत. पाचवीला दर विषयाची वार्षिक परीक्षा ५० गुणांची. त्यात १० तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे, ४० लेखी. आठवीला ६० गुणांची, १० तोंडी आणि ५० लेखी. पास व्हायला दर विषयात ३५ टक्के लागतात. म्हणजे पाचवीला ५० पैकी १८ आणि आठवीला ६० पैकी २१. थोडक्यात हुकलेल्याला ठरावीक मर्यादेत सवलतीचे गुण मिळतात. पाचवीचे विषय म्हणजे भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. आठवीचे भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं. चित्रकला, कार्यानुभव, खेळ यांत नापास करायचा प्रश्न नाही. ही बोर्डाची परीक्षा नव्हे, हेही लक्षात ठेवा. प्रश्नपत्रिका शाळेच्या पातळीवरच निघते आणि पेपरही तिथेच तपासले जातात.

यात जो कमी पडला त्याला लगेच नापास म्हणायचं नाही. सुट्टीत जादा मार्गदर्शन आणि मग पुनर्परीक्षा. तिच्यात निघाला तर वर. नाही निघाला तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष.

माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीला गणितात ५० पैकी ७ होते. बाकी विषयांत ती सहज निघाली होती. मी त्याला म्हटलं, "ही पहिलीत कधी गेली रे?" तो म्हणाला, "करोनाच्या साली." आणि माझ्या डोक्यात हिशेब लागला. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल २०२४-२५ मध्ये पाचवीत येतं. त्या मुलांनी पहिलीचा वर्ग डोळ्यांनी पाहिलाच नाही. प्राथमिकचे वर्ग राज्यभर पुन्हा भरायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वर घातलं गेलं, आणि त्या वेळी दुसरा मार्गही नव्हता. अंक, बेरीज, हातचा हे सारं ज्या वयात पक्कं व्हायचं, त्या वयात ही पोर घरातल्या एका मोबाईलसमोर बसली होती, तोही बाप कामावरून आला की मिळणारा. पाचवीच्या फाटकावर पहिल्या-दुसऱ्या वर्षी जी मुलं उभी राहिली, ती नेमकी ही होती.

आता फाटकापलीकडचं. पेणहून रोह्याला गाडीनं गेलात तर रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. गाडी तीच, डबा तोच. प्रवाशाला कळतही नाही, पण कारभार बदललेला असतो. आठवीनंतर तसंच होतं. आठवीपर्यंत आरटीई कायद्याची छत्री आहे. नववीत पाऊल टाकलं की ती मिटते. नववीचा निकाल शाळा लावते, त्याला पुनर्परीक्षेची सोय अलीकडच्या काळात झाली. दहावीचा निकाल बोर्ड लावतं. रायगड जिल्हा त्यात मुंबई विभागीय मंडळाकडे येतो. गंमत अशी की, शेवटच्या परीक्षेला सवलती बऱ्या आहेत. दहावीला गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० गुण चालतात, फक्त प्रत्येकात किमान २५ हवेत. तीन भाषांचंही तसंच, मिळून १०५. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीनं अकरावीला बसता येतं, आणि पुरवणी परीक्षाही असते. पण त्या सवलतींपर्यंत पोचायला आधी नववी ओलांडावी लागते.

नववीचं दुखणं मी जवळून पाहिलं आहे. रोहा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवत होतो. शाळेचा दहावीचा निकाल दरवर्षी फलकावर लागे, वर्तमानपत्रात येई आणि संस्थेच्या सभेत त्याच्यावर बोलणं होई. निकाल चांगला लावायचे दोन मार्ग असतात. एक, सगळ्यांना शिकवायचं. दुसरा सोपा, जो दहावीला राहील असं वाटतं त्याला नववीतच थांबवायचं. बैठकीत कोणी तसं उघड म्हणत नाही. "पाया कच्चा आहे, एक वर्ष बसू द्या, त्याच्याच भल्याचं आहे," असं म्हणतात. मीही म्हटलं. १९९६ सालच्या त्या निकालपत्रकावर वर्गशिक्षक म्हणून माझी सही आहे. त्या यादीतल्या मुलांपैकी एकाचे वडील शाळेत आले होते. मला म्हणाले, "सर, पुढच्या वर्षी फी भरीन, पण पोरगा त्या वर्गात परत बसायला तयार नाही." मी त्यांना समजावलं, आणि समजावून झालं असं मला वाटलं. जूनमध्ये शाळा उघडली, मुलगा आला नाही. तोच हा माझा आखणीवाला.

त्याला भूमितीत मी ३५ देऊ शकलो नव्हतो. आज तो फुटपट्टीला हात न लावता दोन डोळ्यांतलं अंतर आणि भुवईचा बाक असा साधतो की मूर्ती बोलायला लागते. यावरून 'शाळा सोडली तेच बरं झालं' असा अर्थ कृपा करून काढू नका. तो स्वतः तसं म्हणत नाही. त्याला कर्ज काढताना कागद वाचून घ्यावा लागतो, आणि दहावीचं प्रमाणपत्र मागितलं की तो गप्प होतो. माझं म्हणणं इतकंच की, ज्या कागदावरून मी त्याला थांबवलं तो कागद त्याच्याबद्दल पुरं सांगत नव्हता.

याच दोन तालुक्यांचा उल्लेख निघाला की दोन थोर माणसं आठवतात. पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा भावे. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईला निघाले, वाटेत सुरतेला उतरले आणि काशीला गेले. त्याआधी आईसमोर त्यांनी आपली प्रमाणपत्रं चुलीत घातली होती. आणि रोह्याशी ज्यांच्या घराण्याचं नातं ते चिंतामणराव देशमुख. १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेले. पुढे आयसीएसमध्येही पहिले आले आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. भाषणांत ही दोन उदाहरणं सोयीप्रमाणे दिली जातात. कोणी म्हणतं परीक्षेत काय आहे, कोणी म्हणतं परीक्षेतच सारं आहे. पण एक गोष्ट दोघांनाही लागू आहे. प्रमाणपत्र चुलीत घालायचं असलं तरी ते आधी हातात यावं लागतं.

ज्यांच्या हातात ते येतच नाही अशी मुलं याच डोंगरांच्या पायथ्याशी आहेत. पेण-रोहा भागातल्या कातकरी वाड्यांवर दिवाळी झाली की दारं बंद होतात. माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर निघून जातात, मुलंही बरोबर. पावसाच्या तोंडावर परत येतात. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातलं अर्धं शिकणं चुकलं आणि परीक्षाही चुकली. अशा मुलांना गावी ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आश्रमशाळा आहेत. बाहेर गेलेलं मूल तिथल्या शाळेत बसावं म्हणून शिक्षण हमी कार्डही निघालं. ज्या वाडीवर एखादा शिक्षक मागे लागतो तिथे याचा उपयोग होतो. जिथे कोणी मागे लागत नाही तिथे कार्ड पेटीत राहतं.

जुन्या नियमात हे मूल जूनमध्ये परत आलं की वयाप्रमाणे वरच्या वर्गात बसत असे. सुधारलेल्या नियमात पाचवीपर्यंत वयानुरूप वर्ग मिळतो. सहावी ते आठवीत बसायचं तर पाचवीची परीक्षा पास झालेली हवी. बारा-तेरा वर्षांचा मुलगा पाचवीत बसेल का? त्याच्या गुडघ्याला बाक लागतो. हार्टोग समितीनं सांगितलेलं स्थगन आणि गळती यांची गाठ इथे पुन्हा बसू शकते. शहरातल्या घराला पाचवीचं फाटक म्हणजे अभ्यासाचा धाक वाटतो. वाडीवरच्या घराला ते शाळेचं शेवटचं दार ठरू शकतं. नियम एकच आहे, पण तो सगळ्यांच्या अंगाला सारखा बसत नाही.

मग नापास करावं की न करावं? पन्नास-साठ वर्षं हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं निम्मं निम्मं खरं आहे. मला वाटतं, प्रश्नच जरा चुकीचा आहे. मागे पडलेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवलं आणि तेच धडे त्याच रीतीनं पुन्हा शिकवले, तर दुसऱ्या वर्षी नवीन काही घडत नाही. त्याला वर घातलं आणि मागचं राहिलेलं कुणी पाहिलंच नाही, तरी काही घडत नाही. घडतं ते मधल्या दोन महिन्यांत, जेव्हा कोणीतरी त्याच्या शेजारी बसून 'नेमकं कुठे अडलंय?' असं विचारतं. नव्या कायद्यातला खरा ऐवज तो आहे. बाकीच्या कलमांनी त्याला फक्त तारीख दिली आहे.

म्हणून पालकांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, मूल पाचवीत किंवा आठवीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीआधीच शाळेत जा. प्रगतिपत्रकावर श्रेणी बघून थांबू नका. आकारिक आणि संकलित वेगवेगळे विचारा. तोंडी चांगलं आणि लेखी कमी असेल तर मुलाला समजतं पण लिहिता येत नाही, आणि त्याचा उपाय वेगळा असतो. दुसरी, एप्रिलच्या परीक्षेत राहिलं तर उत्तरपत्रिका दाखवायची विनंती करा आणि सुट्टीत जादा वर्ग कधी, कोण घेणार, पुनर्परीक्षेची तारीख काय, हे विचारून घ्या. हे मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे, कायद्यानं ते दिलेलं आहे. तिसरी, पुनर्परीक्षेतही राहिलं तरी दाखला काढू नका. शाळा त्याला काढू शकत नाही, मग आपण का काढावं? आणि चौथी, घरात 'ढ' हा शब्द काढू नका. नापास हा परीक्षेचा निकाल असतो, मुलाचा नसतो.

शिक्षकांना सांगणं धाडसाचं, पण मी त्यांच्यातलाच आहे म्हणून सांगतो. निकालपत्रकावर सही करताना यादीतल्या प्रत्येक नावापुढे मनातल्या मनात एक वाक्य लिहून बघा, 'हा थांबला तर पुढच्या वर्षी मी त्याच्यासाठी वेगळं काय करणार आहे?' वाक्य लिहिता आलं नाही तर सही करायची घाई करू नये. १९९६ साली मी ते वाक्य लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी कारखान्यात मी मुलीची उत्तरपत्रिका मागवून पाहिली. बेरीज-वजाबाकी बरी होती, गुणाकार अर्धवट, आणि भागाकाराचं एकही उदाहरण तिनं सोडवायला घेतलं नव्हतं. पाढे बारापर्यंत पाठ होते, पण पाढा भागाकारात वापरायचा असतो हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. पहिली-दुसरीत मणी, चिंचोके, खडे वाटून घ्यायचा जो खेळ वर्गात होतो, तो तिच्या वाट्याला आलाच नव्हता. तिच्या वर्गाच्या बाई सुट्टीत आठवड्यातून तीन दिवस येत होत्या. मीही चार-सहा वेळा गेलो. आम्ही पहिल्या दिवशी वही उघडलीच नाही. वाळायला ठेवलेल्या लहान मूर्ती होत्या, त्या पाट्यांवर सारख्या वाटायच्या आणि किती उरल्या ते सांगायचं, एवढंच केलं. चौथ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "म्हणजे हे उलटं गुणणंच आहे की!"

जूनच्या परीक्षेत तिला ५० पैकी २६ मिळाले. ती आता सहावीत आहे. बाप खूश होता, पेढे घेऊन आला. मला पेढा गोड लागला, नाही असं नाही. पण येताना गाडीत एकच हिशेब डोक्यात घोळत होता. जो भागाकार तिला मे महिन्यातल्या चार दिवसांत आला, तो त्याआधीच्या चार वर्षांत का आला नाही? हा प्रश्न काही तिच्या पेपरात नव्हता. त्याचं उत्तर तिनं द्यायचं नाही. ते आपण द्यायचं आहे.